आघातातून बाहेर यायला नेमकी कुठली थेरपी? वाचकांचे प्रश्न

यावेळी सगळी पत्रं एकाच विषयावरची घेतलीयेत. प्रसंग वेगवेगळे आहेत, कुणाचा अपघात, कुणाचं लहानपण, कुणाच्या घरात शिरलेलं पुराचं पाणी, पण शेवटी विचारणं एकच, की ताई, मदत घ्यायचं ठरवलंय पण कुठली थेरपी घेऊ, कोणाकडे जाऊ आणि पैसे वाया तर नाही ना जाणार. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

प्रश्न : नमस्कार ताई. वय ४१, नाशिकला असतो. चौदा महिन्यांपूर्वी मुंबईहून येताना कसारा घाटात एका कंटेनरनं आमच्या गाडीला मागून ठोकलं. गाडी मी चालवत होतो. शेजारी बसलेला माझा मेव्हणा जागेवरच गेला आणि मला फक्त खांद्याला फ्रॅक्चर. तेव्हापासून स्टेअरिंगला हात लावलेला नाही. रात्री दोन-अडीचला दचकून उठतो, मागून ट्रकचा हॉर्न आला की हातपाय गार पडतात, सासुरवाडीला जात नाही कारण सासूबाईंकडे बघवत नाही. डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या, एक झोपेची, एक दुसरी. मग एका काउन्सेलर मॅडमकडे नऊ वेळा गेलो, बोलून हलकं वाटायचं पण घरी आलो की परत तेच. आता पुण्याचा चुलतभाऊ म्हणतो ईएमडीआर कर, डोळे फिरवून ट्रॉमा जातो. एक मित्र म्हणतो कुणीतरी पूर्वजन्मात नेऊन एका बैठकीत मोकळं करतात, वीस हजार घेतात. बायको म्हणते आता समृद्धी झालाय, घाटातनं जायचंच कशाला. काय करू?

उत्तर : दादा, आधी त्या नऊ सेशनबद्दल बोलू, कारण तिथेच बऱ्याच लोकांची गाडी अडते. त्या मॅडमनी तुम्हाला आधार दिला आणि तो खोटा नव्हता. पण मला सांगा, त्या नऊ वेळांत घाटातली ती दोन मिनिटं एकदा तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलीत का? तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, त्यात धडकेच्या आधीचं आहे, नंतरचं आहे, पण मधलं काहीच नाही. माझा अंदाज आहे की सेशनमध्येही आठवडा कसा गेला, झोप कशी आहे, ऑफिसात काय झालं हेच बोलणं झालं असेल. हे काउन्सेलिंग झालं, ट्रॉमाची थेरपी नाही, आणि हा फरक कुणी आधी सांगत नाही म्हणून माणसं नऊ-नऊ महिने जाऊन "थेरपीचा काही उपयोग नसतो" असं म्हणून सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

पत्रावरून निदान करता येत नाही, ते समोर बसूनच व्हायला हवं. पण तुम्ही जे लिहिलंय, म्हणजे प्रसंग परत परत अंगावर येणं, त्याची आठवण करून देणाऱ्या जागा नि माणसं टाळणं, स्वतःला दोष देणं, सारखं दचकणं, आणि हे सगळं महिन्याच्या वर टिकणं, याला पीटीएसडी म्हणतात, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा ताणाचा आजार. १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत हे नाव आलं, त्याआधीही माणसांना हे होतंच होतं, फक्त "धसका घेतलाय" म्हणून सोडून द्यायचे. मी शिकत होते तेव्हा १९९३ चा किल्लारीचा भूकंप झाला, ३० सप्टेंबरची पहाट, आदल्याच दिवशी विसर्जन झालेलं, लोक दमून गाढ झोपलेले. नंतर तिकडच्या बायका भेटल्या त्या सांगायच्या की घर नवीन मिळालं पण छताखाली पाठ टेकवत नाही. त्यांना पत्रे मिळाले, धान्य मिळालं, पण या न टेकणाऱ्या पाठीला उपचार असतो हे सांगणारं माणूस फार थोड्यांना मिळालं.

आता हे जात का नाही ते बघा. साध्या आठवणीवर तारखेचा शिक्का असतो, लग्नाचं आठवलं तरी आपल्याला कळत असतं की ते तेव्हा झालं, आत्ता नाही. धडकेच्या आठवणीवर तो शिक्का बसलेलाच नसतो, म्हणून हॉर्न वाजला की शरीराला वाटतं कंटेनर आत्ता मागे आहे. आणि शिक्का बसायला ती आठवण शांतपणे पूर्ण बघायला लागते, नेमकं तेच आपण टाळतो. टाळलं की लगेच बरं वाटतं, म्हणून परत टाळतो, असं करत करत आधी घाट जातो, मग गाडी जाते, मग सासुरवाडी जाते. समृद्धीनं जाणं चुकीचं नाही हो, सोयीचा रस्ता आहे तो, पण सोय म्हणून जाताय की भीती म्हणून, एवढं स्वतःला विचारा.

म्हणून ज्या थेरप्या अभ्यासात टिकल्यात त्या सगळ्यांमध्ये एक गोष्ट सारखी आहे, त्या आठवणीला वळसा घालत नाहीत. एक आहे प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर, एडना फोआ यांनी बसवलेली, साधारण आठ ते पंधरा सेशन, बहुतेक दीड तासाची. यात डोळे मिटून तो प्रसंग आत्ता घडतोय अशा भाषेत सांगायचा, "मी आरशात बघतोय, मागे लाईट दिसतायत" असा, परत परत, त्याचं रेकॉर्डिंग होतं आणि ते घरी रोज ऐकायचं. सोबत बाहेरचा सराव, तुमच्या बाबतीत म्हणजे आधी पार्किंगमध्ये बंद गाडीत बसणं, मग कॉलनीत एक चक्कर, मग कुणाच्या तरी शेजारी बसून घोटीपर्यंत, मग इगतपुरी, आणि कसारा अगदी शेवटी. प्रत्येक पायरीला भीतीला शून्य ते शंभर मार्क द्यायचे आणि ते खाली येईपर्यंत तिथून पळायचं नाही.

दुसरी कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी, म्हणजे सीपीटी, पॅट्रिशिया रेसिक यांची, साधारण बारा सेशन. तुमचं पत्र वाचून मला पहिल्यांदा हीच आठवली, कारण तुमच्या भीतीइतकाच तुमचा अपराधीपणा मोठा आहे. "मी लेन बदलली असती तर", "मी चहाला थांबलो असतो तर", "मी गेलो असतो तर बरं झालं असतं" ही जी वाक्यं डोक्यात अडकून बसतात ना, ती कागदावर काढून एकेक तपासायची, की तेव्हा, त्या सेकंदाला, मला खरंच काय माहीत होतं? आज माहीत असलेली गोष्ट मी त्या दिवशीच्या माणसावर तर लादत नाहीये ना? हे "स्वतःला दोष देऊ नका" असं वरवर सांगण्यासारखं नाही, तसं तर तुम्हाला शंभर जणांनी सांगून झालं असेल. इथं लिहून, घरचा अभ्यास करून, तुमचा तुम्हालाच हिशेब लागतो.

तिसरी ईएमडीआर. फ्रान्सिन शापिरो यांना १९८७ मध्ये बागेत फिरताना हे सुचलं, १९८९ मध्ये त्यांनी पहिला अभ्यास छापला. तुमचा भाऊ म्हणतो ते अर्धंच बरोबर आहे. डोळे फिरवणं हा आठ टप्प्यांतला एक भाग आहे, बाकी तुमचा इतिहास घेणं, आधी मन सावरायची तयारी, कुठलं चित्र घ्यायचं ते ठरवणं असं बरंच असतं, आणि डोळ्यांच्या हालचालीमुळे नेमका किती फरक पडतो यावर तज्ज्ञांमध्ये अजून वाद चालू आहे. पण पूर्ण उपचार म्हणून ती काम करते यात मला शंका नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ च्या मार्गदर्शिकेत पीटीएसडीसाठी मुख्यतः दोन नावं घेतली, ट्रॉमावर केंद्रित सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलत नेणारी थेरपी, आणि ईएमडीआर, आणि वरच्या दोन्ही पद्धती त्या सीबीटीच्याच घरातल्या.

मग यातली कुठली? माझं स्पष्ट मत सांगते, तिन्ही चांगल्या आहेत आणि त्यांच्यातला फरक लोकांना वाटतो तेवढा मोठा नाही, पहिल्या दोन २००२ मध्ये समोरासमोर तपासल्या गेल्या तेव्हा जवळपास सारख्याच उतरल्या. खरा फरक पडतो तो समोरचा माणूस ती पद्धत रीतसर शिकलाय का, ती पूर्ण करतोय का, आणि तुम्ही त्याच्यासमोर रडू शकता का यानं. नाशिकमध्ये सीपीटी शिकलेलं कुणी चांगलं मिळालं आणि ईएमडीआरला मात्र दर आठवड्याला पुण्याला जावं लागणार असेल तर नाशिकचं घ्या, कारण प्रवासामुळे चौथ्या सेशनला सुटणारी थेरपी कितीही भारी असली तरी अर्धवटच राहते.

फोनवरच विचारायचं, लाजायचं नाही. तुम्ही ट्रॉमासाठी कुठली पद्धत वापरता, तिचं ट्रेनिंग कुठे घेतलंत, अंदाजे किती सेशन, घरी काय करायला लागेल, आणि फरक पडतोय हे आपण मोजणार कसं. शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे. पीसीएल-५ नावाची वीस प्रश्नांची साधी प्रश्नावली असते, ऐंशीपैकी मार्क, सुरुवातीला भरायची आणि मग दर दोन-तीन आठवड्यांनी. सहा-आठ सेशननंतर आकडा हललाच नाही तर पद्धत बदलायची का हे दोघांनी बसून बोलायचं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्यांकडे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा नोंदणी क्रमांक असतो, तो विचारला तर चांगला माणूस चिडत नाही. काउन्सेलर हा शब्द मात्र आपल्याकडे कुणीही पाटीवर लिहू शकतो, त्यात उत्तम शिकलेली माणसंही आहेत आणि दोन दिवसांच्या कोर्सवालीही, म्हणून विचारायचं.

पूर्वजन्मवाल्यांकडे जाऊ नका. पीटीएसडी त्यानं बरा होतो याला काही आधार नाही, आणि "एका बैठकीत मोकळं" हे वाक्य ऐकलं की तिथूनच परत फिरायचं. वीस हजारांत तुमची सबंध थेरपी होऊ शकते हो.

गोळ्यांचं असं, की ती "दुसरी" गोळी सर्ट्रालीन किंवा पॅरॉक्सेटीनसारखी असेल तर ती पीटीएसडीत खरंच दिली जाते, अमेरिकेत या दोन औषधांना त्यासाठी मान्यता आहे, ती चालू ठेवून थेरपी करता येते. झोपेची जर अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामच्या जातीची असेल तर डॉक्टरांशी मोकळं बोला, तिची सवय लागते आणि ट्रॉमावर ती उपचार नाही. पण मनानं एकदम बंद करायची नाही, चौदा महिन्यांनंतर तर नाहीच, हळूहळू डॉक्टरांच्या हातानंच कमी करायची.

आणि एक, सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत काही जणांना त्रास वाढल्यासारखा वाटतो, स्वप्नं वाढतात. तेव्हा घरचे म्हणतात बघ, उकरून काढलंस. वहिनींना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्या वेळी त्या तुम्हाला थांबवायच्या ऐवजी सोबत येतील.

प्रश्न : ताई, मी २९ वर्षांची, पुण्यात आयटीत आहे, दोन मैत्रिणींसोबत फ्लॅटमध्ये राहते. आठ ते बारा वर्षांची असताना घरातल्याच एका माणसानं माझ्यासोबत जे केलं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. आता लग्नाचं बघतायत आणि मला कुणी हात लावला तरी अंग आकसतं, मध्येच सुन्न होते, स्वतःची घाण वाटते. ऑनलाइन थेरपी चालेल का? आणि सगळं सगळं सांगायलाच लागतं का? त्या भीतीनंच मी दोनदा अपॉइंटमेंट घेऊन कॅन्सल केलीय.

उत्तर : तुला तू म्हणते, चालेल ना. पहिलं उत्तर शेवटच्या प्रश्नाचं, कारण त्याच्यामुळे तू दारातून परत येतेयस. नाही, सगळं सांगावं लागत नाही. पहिल्या दिवशी तर नाहीच. "लहानपणी माझ्यावर अत्याचार झाला, तपशील आत्ता सांगायची तयारी नाही" एवढं एक वाक्य पुरतं, आणि ते तोंडातून येत नसेल तर कागदावर लिहून पुढे सरकव. ईएमडीआरमध्ये प्रसंग मनात बघायचा असतो, मोठ्यानं सगळा सांगायची सक्ती नसते. सीपीटीचीही अशी पद्धत आहे की ज्यात घडलेलं सविस्तर लिहून काढत नाहीत, त्यातून तयार झालेल्या समजुतींवरच काम करतात, आणि तपासल्यावर तीही चांगली निघाली. मघाशी नाशिकच्या दादांना मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगा म्हटलं, तुला तसं म्हणत नाहीये, त्यांचं एका रात्रीचं आहे आणि तुझं चार वर्षांचं, आणि तेही ज्या वयात माणूस विश्वास ठेवायला शिकतं त्या वयातलं.

अशा लांबलेल्या आघातातून जे होतं त्याला आता वेगळं नाव आहे, कॉम्प्लेक्स पीटीएसडी. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या अकराव्या यादीत ते आलं आणि २०२२ पासून ती यादी लागू आहे. त्यात पीटीएसडीच्या लक्षणांसोबत अजून तीन गोष्टी धरल्यात, भावना आवरता न येणं किंवा एकदम सुन्न होणं, स्वतःबद्दल घाण-कमीपणा वाटणं, आणि नात्यात जवळ जाता न येणं. तुझ्या चार ओळींत तिन्ही आहेत. तुला खरंच हेच आहे का ते भेटून ठरेल, पण "मीच अशी विचित्र आहे" हे डोक्यातून काढायला सुरुवात कर.

थेरपी निवडताना तुझ्यासाठी बघायची गोष्ट ही, की थेरपिस्ट आधी थोडे आठवडे जमिनीवर पाय ठेवायला शिकवतात का. म्हणजे सुन्न व्हायला लागलं की परत खोलीत कसं यायचं, पाय जमिनीला दाबायचे, आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावं घ्यायची, गार पाण्यात हात धरायचे, अशा साध्या गोष्टी, आणि नाही म्हणायचा सराव. पण हेही सांगते, काही ठिकाणी ही तयारीच दोन-दोन वर्षं चालते, आठवणीला हात लावायची वेळच येत नाही, आणि बिचाऱ्या मुलीला वाटतं मी अजून तयार नाही. हे मला पटत नाही. दोन-तीन महिने झाले की विचार, "आपण मूळ गोष्टीवर काम कधी सुरू करणार?"

ऑनलाइन चालेल. सीपीटी आणि प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर दोन्ही व्हिडिओवर करून बघितल्यात आणि समोरासमोर केल्यासारखाच फायदा दिसलाय. अडचण थेरपीची नाही, तुझ्या फ्लॅटची आहे. पातळ भिंत आणि पलीकडे मैत्रीण असेल तर तू आवाज दाबून बोलशील, आणि आवाज दाबायची सवय तर लहानपणापासूनचीच आहे. मैत्रिणी ऑफिसला जातात ती वेळ घे, नाहीतर पहिली काही सेशन क्लिनिकमध्ये जाऊन कर. सेशन संपल्यावर लगेच मीटिंग लावू नकोस, अर्धा तास तरी मोकळा ठेव. आणि व्हिडिओ मध्येच बंद पडला किंवा तुला फार त्रास झाला तर काय करायचं हे थेरपिस्टनं पहिल्याच दिवशी ठरवायला हवं, ते ठरवत नसतील तर ऑनलाइन ट्रॉमाचं काम त्यांच्याकडे करू नकोस.

गुप्ततेची भीती असेल तर मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्ये तुझी माहिती गुप्त ठेवायचा तुला हक्क दिलाय, आईवडिलांनी फोन केला तरी थेरपिस्ट सांगू शकत नाहीत. त्याला अपवादही असतात, जिवाला धोका असेल तेव्हा, किंवा आजही एखादं लहान मूल त्या माणसाच्या तावडीत असेल तेव्हा. हे अपवाद पहिल्या सेशनला विचारून घे, म्हणजे तू काय कधी सांगायचं ते तुझ्या हातात राहील. "आता माफ करून टाक, मन मोकळं होईल" असं कुणी लवकरच सुचवायला लागलं तर थेरपिस्ट बदल. माफ करायचं की नाही हा तुझा प्रश्न आहे, उपचाराची ती पायरी नाही. आणि लग्नाचं थांबवायला कारण द्यावंच लागत नाही गं, "सहा महिने नको" एवढंही पुरतं.

ज्या रात्री जगणंच नको वाटेल त्या रात्री थेरपिस्टच्या वेळेची वाट बघू नकोस. टेली-मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

प्रश्न : आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१ च्या पुरात आम्ही रात्रभर माळ्यावर होतो, मुलगा तेव्हा पाच वर्षांचा. अजूनही जोराचा पाऊस लागला की तो झोपत नाही, दप्तर भरून पलंगावर ठेवतो, पाणी किती आलं बघा म्हणून सारखा खिडकीत. पहिली दोन वर्षं बादलीत खेळणी बुडवायचा खेळ खेळायचा. सासूबाई म्हणतात विषयच काढू नका, विसरेल. मी त्याला बोलतं करू का? लहान मुलांची थेरपी असते का?

उत्तर : असते, आणि तिनं लहान मुलं पुष्कळदा चांगली सावरतात. तो बादलीचा खेळ म्हणजे त्याचं बोलणंच होतं. पाचव्या वर्षी मुलाकडे यासाठी पुरेसे शब्द नसतात, मग ते खेळून सांगतं. सासूबाईंचं म्हणणं प्रेमापोटीच आहे, पण घरात ज्याचं नाव काढत नाहीत ती गोष्ट मुलाला अजून भयंकर वाटायला लागते. दुसऱ्या टोकाला जाऊन रोज "तुला आठवतं का रे" असंही उकरायचं नाही. पूर ओसरल्या ओसरल्या काही ठिकाणी सगळ्यांना गोळा करून एकदाच सगळं बोलायला लावतात, त्या पद्धतीनं फायदा होत नाही, काहींना उलट त्रास होतो, म्हणून नाइस या उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या ब्रिटनच्या संस्थेनं २०१८ च्या सूचनांत ती देऊ नका असं सांगितलंय. त्यानं विषय काढला की थांबून ऐकायचं, खरं उत्तर द्यायचं, मग खेळायला सोडायचं.

मुलांसाठी जी सगळ्यात जास्त तपासलेली पद्धत आहे ती ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी, तीन ते अठरा वयाला, साधारण बारा ते पंचवीस सेशन. त्यात मूल आधी भीती ओळखायला नि शरीर सैल सोडायला शिकतं, मग आपल्या पुराची गोष्ट चित्रं काढत वहीत लिहितं, पाऊस लागला, पाणी जिन्यावर आलं, बाबांनी मला उचललं, सकाळी होडी आली, असं, आणि शेवटी ती वही आईबाबांना वाचून दाखवतं. म्हणून आईबापांची वेगळी सेशन त्यातच असतात. आणि इथं मला तुम्हाला विचारायचंय, तुम्ही स्वतः पावसात झोपता का? मूल खिडकीकडे बघत नाही हो, ते खिडकीकडे बघणाऱ्या आईच्या तोंडाकडे बघतं. तुमचंही काही अडलेलं असेल तर तेही तिथं बोला.

जूनची वाट बघू नका, उघडीप असताना सुरू करा, म्हणजे पावसाळा येईल तेव्हा सराव करायलाच उपयोगी पडेल. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची ओपीडी असते, रत्नागिरीला सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे, नावाला घाबरू नका, तिथं बाहेरून दाखवून घरी येणारे खूप असतात. मुलांचं काम करणारं कुणी तिथं नसेल तर १४४१६ वर फोन करून जवळ कोण आहे ते विचारा. खासगीत शहरात एका सेशनला हजार-दीड हजार ते अडीच-तीन हजार जातात, आणि २०१७ च्या कायद्यानं मानसिक आजाराला विमा देणं बंधनकारक असलं तरी बहुतेक पॉलिसी दवाखान्यात भरती झाल्यावरचाच खर्च देतात, म्हणून हे आधी बघा.

आणि ते दप्तर लगेच काढून घेऊ नका. त्यात काय भरलंय ते एकदा त्याच्यासोबत बसून बघा, टॉर्च, पाण्याची बाटली, आजीची गोळी, जे असेल ते. ते दप्तर सगळ्या घराचं करून दाराजवळ एका जागी ठेवा, "हे आपलं पावसाळ्याचं सामान, लक्ष ठेवायचं काम माझं, झोपायचं काम तुझं" असं सांगून.

प्रश्न : ताई, मी इंग्लंडमध्ये रेडिंगला असते. आठ महिन्यांपूर्वी बाळंतपणात खूप रक्त गेलं, इमर्जन्सी सिझेरियन, बाळ नि मी दोघं वाचलो पण मला ती खोली सारखी दिसते. इथं ट्रॉमाची थेरपी सुरू झालीय, थेरपिस्ट छान आहे, पण मी इंग्लिशमध्ये सगळं सांगते तेव्हा बातमी वाचल्यासारखं वाटतं, काही होतच नाही. म्हणजे ही थेरपी मला चालत नाहीये का?

उत्तर : थेरपी चालत असणार, भाषा आडवी येतेय. मी इथं मुंबईत कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलींमध्येही हे बघते, इंग्लिशमध्ये सांगताना डोळे कोरडे, आणि एक वाक्य मराठीत आलं की बांध फुटतो. जे ज्या भाषेत घडलं ते त्याच भाषेत खरं वाटतं. त्या खोलीत डॉक्टर इंग्लिश बोलत होते पण तू मनात काय म्हणत होतीस? "आई गं", "माझं बाळ कुठंय", "आता मी जाणार", हेच ना? मग त्या जागी इंग्लिश शब्द शोधत बसलीस तर भाषांतर होतं, आठवण तशीच राहते.

थेरपिस्टला अगदी असंच सांग, की सगळ्यात अवघड तुकडा मी माझ्या भाषेत बोलणार आहे, तुम्हाला कळलं नाही तरी चालेल, नंतर दोन वाक्यांत सांगेन. चांगल्या थेरपिस्टला यात काही अडचण नसते. ईएमडीआर चालू असेल तर अजून सोपं, मनातलं मराठीतच चालू दे, मध्ये थांबून फक्त काय आलं ते थोडक्यात सांगायचं. प्रसंग सांगून रेकॉर्ड करायची पद्धत असेल तर मराठीत रेकॉर्ड कर आणि घरी तेच ऐक. अगदीच अडलं तर एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, दुभाषा मागता येतो, त्याचे पैसे पडत नाहीत. पण दुभाषा नात्यातला किंवा तिथल्या मराठी मंडळातला ओळखीचा नको, हे आधीच सांग. नवऱ्यालाही दुभाषा करू नकोस, तो त्या रात्री दाराबाहेर उभा होता, त्याची त्याची वेगळी रात्र आहे. त्यालाही स्वप्नं पडत असतील तर त्याच्यासाठी एनएचएस टॉकिंग थेरपीजमध्ये त्याचं त्याला थेट नाव नोंदवता येतं, जीपीची, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरची, चिठ्ठी लागत नाही.

पुढच्या सेशनला जाताना ती तीन वाक्यं मराठीत एका कागदावर लिहून ने, आणि सुरुवात तीच मोठ्यानं वाचून कर.